हात सावकाश, शब्द वेळेवर

अगं, टाइप रेटिंगची तारीख आली हे सांगायला फोन केलास आणि पुढच्याच वाक्याला विचारलंस, "ताई, इंजिन फेल्युअरची सेशन्स फार अवघड असतात का गं?" तेव्हा आई शेजारीच भाजी निवडत बसली होती, म्हणून मी विषय बदलला. अहमदाबादच्या विमान अपघातापासून तिच्यासमोर इंजिन हा शब्दसुद्धा मी काढत नाही. आता ती झोपलीय. निवांत सांगते, तूही निवांत ऐक.

अवघड असतात. पण तुला वाटतंय त्या कारणानं नाही.

तुझी भीती मला ठाऊक आहे. बारामतीला सेसना उडवून आलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलीच्या मनात तीच असते. तिथं एकच इंजिन. ते गप्प झालं की नाक खाली, वेग सांभाळ, शेत शोध, वारा कुठला बघ, आणि हे सगळं भराभर. तिथल्या शिक्षकांनी तुझे हात चपळ केले, ते बरोबरच केलं. आता तू ए-३२० वर जातेयस. इथं एक इंजिन गेलं तरी दुसरं असतं आणि ते एकटं पुरतं. हे मी तुला धीर द्यायचा म्हणून म्हणत नाही. दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाला मान्यता मिळते तीच मुळी या अटीवर, की धावपट्टीवर ऐन मोक्याच्या वेगाला एक इंजिन बंद पडलं तरी विमान उचललं गेलं पाहिजे, आणि चाकं आत घेतल्यावर उरलेल्या इंजिनावर त्याला निदान २.४ टक्के चढण जमली पाहिजे. म्हणजे हजार मीटर पुढं गेलं की चोवीस मीटर वर. फार नाही, पण पुरतं. वजन, तापमान, धावपट्टीची लांबी, समोरचे डोंगर हे सगळं धरून हा हिशेब उड्डाणाआधीच मांडलेला असतो. पुण्याहून निघताना वेगळा, मुंबईहून समुद्राकडं निघताना वेगळा.

तेव्हा ते चपळ हात बारामतीलाच ठेवून ये.

त्या क्षणी काय होतं ते सांगते. विमान धावतंय, व्ही-वनची, म्हणजे त्या मोक्याच्या वेगाची हाक येते आणि कॅप्टन थ्रस्ट लिव्हरवरचा हात काढून घेतो. तो हात निघाला की थांबण्याचा प्रश्न मिटला, आता उडायचंच. नेमकं तेव्हाच नाक एका बाजूला ओढलं जातं. डावं इंजिन गेलं तर डावीकडं, उजवं गेलं तर उजवीकडं. तू उलट्या बाजूचा रडर दाबायचा, पण नजर बाहेर, धावपट्टीच्या मधल्या रेघेवर. आत काय पेटलंय ते बघत दाबायचा नाही. नाक नेहमीपेक्षा जरा सावकाश उचलायचं, साडेबारा अंशांच्या आसपास आणायचं. विमान चढतंय हे दिसलं की "गिअर अप". मग स्क्रीनवरची ती निळी खूण रडरनं मध्ये आणून ठेवायची. आणि पुढं? पुढं काही नाही. चारशे फूट होईपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही. घंटा वाजत असेल ती बंद करायची, बस्स.

ते काही न करणं सगळ्यात जड जातं. लाल दिवा लागलेला असतो, कानात टणटण चालू असते, आणि सगळं अंग ओरडत असतं की काहीतरी कर. सिम्युलेटरमध्ये मी शिकवणारीच्या खुर्चीत मागं बसते तेव्हा नवख्या मुलामुलींचे हात बघते. मांडीवर ठेवलेली बोटं वळवळत असतात. त्यांना मी एवढंच सांगते की इंजिन पंखाखाली लटकलेलं आहे, तिथं आग लागली तर ती अडवण्याची सोय त्याच्या बांधणीतच केलेली आहे. काही सेकंद उशीर झाल्यानं तिथलं फारसं काही बिघडत नाही. जमिनीपासून शंभर फुटांवर वेग गेला किंवा विमान एका अंगावर कललं, तर मात्र सावरायला जागा नाही. म्हणून आधी उडव.

खरं विमान आणि सिम यांत फरक जाणवतो तो कानात. मला एकदा चढताना इंजिन सर्जचा प्रसंग आला होता. आत जाणारी हवा कॉम्प्रेसरमध्ये अडखळते आणि उलटी बाहेर फेकली जाते, तेव्हा तोफ डागल्यासारखे आवाज येतात आणि अख्खं विमान हादरतं. त्या पहिल्या क्षणी माझा फर्स्ट ऑफिसर काय म्हणाला ते मला ऐकूच आलं नाही. ओठ हललेले दिसले, शब्द आले नाहीत. दचकल्यावर शरीर असं करतं, त्यात तुझा-माझा काही दोष नसतो. मी ठरावीक शब्द मोठ्यानं, सुटे सुटे म्हटले, "माझ्याकडे कंट्रोल आहे." स्वतःचा आवाज कानावर पडला आणि मग त्याचाही पडायला लागला. पुढं काही विशेष नव्हतं. दोघांनी मिळून कुठलं इंजिन ते ठरवलं, त्याचा लिव्हर मागं घेतला, धडधड थांबली आणि आम्ही परत येऊन उतरलो. म्हणून ते ठरलेले शब्द मनातल्या मनात म्हणू नकोस. तोंडानं म्हण.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी मी तुला हे सगळं सांगायला बसलेय. बिघडलेल्या इंजिनानं नव्हे, तर चांगलं इंजिन बंद केल्यानं माणसं मेली, अशी उदाहरणं आहेत, आणि ती तुला माहीत असलीच पाहिजेत.

८ जानेवारी १९८९. ब्रिटिश मिडलँडचं बोइंग ७३७-४०० लंडनहून बेलफास्टला चाललं होतं. २८ हजार फुटांवर चढत असताना डाव्या इंजिनाच्या पंख्याचं एक पातं तुटलं. विमान थरथरायला लागलं, कॉकपिटमध्ये जळका वास आणि धूर आला. कॅप्टनच्या गाठीशी तेरा हजारांहून जास्त तास होते. त्यानं विचारलं, कुठलं इंजिन? फर्स्ट ऑफिसरच्या तोंडून आधी "डा..." निघालं आणि लगेच दुरुस्ती आली, "उजवं". हे रेकॉर्डरवर आहे. उजव्याचा थ्रॉटल मागं घेतला. त्याआधी ऑटोथ्रॉटल काढलेला असल्यामुळं डाव्या इंजिनावरचा ताणही कमी झाला होता, त्यामुळं थरथर उतरली आणि धूरही ओसरला. दोघांना वाटलं, बरोबर पकडलं. उजवं, धडधाकट इंजिन त्यांनी बंद करून टाकलं. कॅप्टनला जुन्या ७३७ची सवय होती. धूर केबिनकडून पुढं आला म्हणजे उजव्या इंजिनाचा, असा त्याचा त्या सवयीतला तर्क होता, आणि नव्या विमानात हवेची रचना बदललेली होती. डाव्या इंजिनाचं कंपन दाखवणारं माप तेव्हा टोकाला गेलेलं होतं, पण ते माप होतं इवलंसं, आणि त्याकडं दोघांपैकी कुणाचंच लक्ष गेलं नाही.

पण मला या हकिकतीत सगळ्यात जास्त टोचतं ते पुढं आहे. अग्गं, त्यांना वेळ होता! मोडकं इंजिन कमी ताकदीवर पुढची वीसेक मिनिटं चालत राहिलं. उतरायला निघताना कॅप्टननं उजळणी सुरूही केली होती, की आपल्याला नक्की काय काय दिसलं होतं? तेवढ्यात रेडिओवर कुणीतरी बोललं, त्याला उत्तर द्यावं लागलं, आणि ती उजळणी तिथंच राहिली. मी वर्गात हा भाग सांगते तेव्हा दरवेळी थांबते. ते वाक्य पुरं झालं असतं तर? रेडिओवरच्या माणसाला "स्टँडबाय" म्हणायला एक सेकंद लागतो. तो तुझ्यावर रागावत नाही. मेडे दिलेल्या विमानाची वाट बघणं हे त्याचं कामच आहे. धावपट्टी अडीच मैलांवर आली, ताकद लागली म्हणून लिव्हर पुढं केला, आणि डावं इंजिन मोडून पडलं. ईस्ट मिडलँड्सच्या धावपट्टीच्या अलीकडं केगवर्थ गावाजवळ एम-वन महामार्गाच्या उतारावर विमान आदळलं. १२६ जणांपैकी ४७ गेले.

आणि मागं? मागं बसलेल्या कितीतरी प्रवाशांनी डाव्या इंजिनातून ठिणग्या, ज्वाळा बघितल्या होत्या. केबिन क्रूमधल्या तिघांनीही बघितल्या होत्या. कॅप्टननं घोषणेत सांगितलं की उजव्या इंजिनात बिघाड झालाय, ते बंद केलंय. लोक चकित झाले आणि गप्प बसले. वैमानिकाला आपल्यापेक्षा जास्त कळत असणार, असं वाटून गप्प बसले.

४ फेब्रुवारी २०१५ ची तैपेईची गोष्ट तर आणखी छोटी आहे. ट्रान्सएशियाचं एटीआर ७२ उडालं आणि थोड्याच वेळात दुसऱ्या, म्हणजे उजव्या इंजिनाचा पंखा आपोआप फेदर झाला, म्हणजे ओढ देईनासा झाला. कॅप्टन म्हणाला, मी पहिल्या इंजिनाचा थ्रॉटल मागं घेतो. शेजारच्यानं लगेच म्हटलं, थांबा, क्रॉसचेक करू. अगदी बरोबर शब्द होते ते, आणि वेळेवर होते. पण हात आधीच चालला होता. चांगलं इंजिन मागं गेलं, नंतर बंदही झालं. कॅप्टनला चूक कळली तेव्हा खाली फक्त कीलुंग नदी होती. ५८ जणांत ४३ गेले. म्हणजे बघ, एका ठिकाणी शब्द आलेच नाहीत, दुसऱ्या ठिकाणी शब्द आले पण हात थांबला नाही.

म्हणून ए-३२० वर इंजिनाच्या तीन गोष्टींना एकट्यानं हात लावायचा नाही असा नियम आहे: थ्रस्ट लिव्हर, मास्टर स्विच, फायर पुशबटन. एकानं हात नेऊन ठेवायचा, हलवायचं नाही, आणि विचारायचं, "थ्रस्ट लिव्हर एक, कन्फर्म?" दुसऱ्यानं बघून म्हणायचं, "कन्फर्म." आता नीट ऐक, कारण इथं सगळे घसरतात. दुसरा बहुतेक वेळा फक्त हात बघतो. लिव्हर एकवर हात आहे ना? आहे. कन्फर्म! बेचा पाढा म्हणावा तसं ते तोंडातून निघून जातं. तू तसं करू नकोस. तू आधी मापं बघ: एन-वन, म्हणजे पंख्याची गती, कुणाची पडलीय, तापमान कुणाचं चढलंय, कंपन कुणाचं वाढलंय, रडर कुठल्या पायाखाली आहे. मनाशी इंजिनाचा नंबर ठरव, आणि मग हाताकडं बघ. दोन्ही जुळले तरच शब्द काढ. आगीचा प्रसंग असला तरी एवढा वेळ मिळतो. फायर पुशबटन दाबल्यावर आग विझवणारा पहिला एजंट सोडायच्या आधी यंत्र स्वतःच तुला दहा सेकंद थांबवतं, समोर उलटे आकडे मोजत. आग विझली नाही तर दुसरा एजंट तीस सेकंदांनी. ज्यांनी हे विमान बनवलं त्यांनीसुद्धा घाईला जागा ठेवलेली नाही.

पण मापं वाचणं तू शिकशील, तुझी मला त्याबाबतीत काळजी नाही. काळजी आहे ती निराळीच. आपल्या घरात मोठी माणसं बोलताना मध्ये बोललेलं चालत नसे. बाबांचं चुकतंय हे दिसत असलं तरी आपण आईच्या कानात सांगायचो आणि आई संध्याकाळी, त्यांचा चहा झाल्यावर, हळूच विषय काढायची. ते घरापुरतं ठीक. कॉकपिटमध्ये संध्याकाळ नसते. शेजारी पन्नाशीचा, केस पिकलेला, हवाई दलातून आलेला कॅप्टन असेल, आणि तू त्याला "सर" म्हणत असशील. त्याचा हात चुकीच्या लिव्हरवर गेला तर तुझ्या तोंडून काय निघेल? सिममध्ये मी ऐकलेलं सांगते. "सर... अं... सर, ते..." एवढंच निघतं. मुलीला दिसलेलं असतं, शंभर टक्के दिसलेलं असतं, आणि "सर"पुढं वाक्य जात नाही. तोवर लिव्हर मागं आलेला असतो.

म्हणून वाक्य आधीच तयार ठेव. "कॅप्टन, थांबा. बिघाड इंजिन एकमध्ये आहे. तुमचा हात दोनवर आहे." यात मत नाही, शंका नाही, माफी नाही. जे दिसतंय ते आहे. "मला वाटतं", "बहुतेक", "एकदा बघता का" असलं काही लावू नकोस, कारण दचकलेल्या माणसाचे कान पहिलेच शब्द पकडतात आणि ते शब्द कामाचे असायला हवेत. "डावं-उजवं" म्हणण्यापेक्षा नंबर सांग. तरी नाही ऐकलं तर पुढची पायरी ठरलेली आहे, "कॅप्टन, यू मस्ट लिसन." आणि त्यानंही काही झालं नाही तर तुझा हात त्याच्या हाताच्या आड जाऊ दे. हो, जाऊ दे. त्यासाठी पुढं कुणापुढं उभं राहावं लागलं तर मी तुझ्यासोबत येईन.

आता मी स्वतः डाव्या खुर्चीत बसते, तर तिथून कसं दिसतं तेही सांगते. आम्हाला ते वाक्य हवं असतं गं. फर्स्ट ऑफिसर गप्प असेल तर मला कळायला मार्ग नसतो, की याला पटलंय म्हणून गप्प आहे, की घाबरलाय म्हणून. दिवसाच्या पहिल्या ब्रीफिंगला मी म्हणते, "मी चुकले तर लगेच सांगायचं, वाक्य गोड करत बसायचं नाही." सगळे कॅप्टन असं म्हणत नाहीत. न म्हणणाऱ्याबरोबर उडशील तेव्हा तू स्वतःच म्हण, हसून म्हण, पण उड्डाणाआधी म्हण: "काही वेगळं दिसलं तर मी बोलेन हं, कॅप्टन." एकदा जमिनीवर बोललेलं असलं की वर बोलणं निम्मं सोपं होतं.

आणि कान मागच्या दाराकडंही ठेव. पाटण्याचं तुला आठवत असेल, १९ जून २०२२. दिल्लीला निघालेलं स्पाइसजेटचं विमान, कॅप्टन मोनिका खन्ना. धावपट्टी सोडतानाच पक्षी धडकल्याची शंका आली होती, पण समोरच्या मापांवर काही वेगळं दिसत नव्हतं, म्हणून चढत राहिले. मग केबिन क्रूनं सांगितलं की डाव्या इंजिनातून ठिणग्या निघतायत. कंट्रोल टॉवरनंही धूर दिसतोय असं कळवलं. त्यांनी आगीच्या तोंडपाठ पायऱ्या पार पाडल्या, इंजिन बंद केलं, आणि पाटण्याच्या त्या आखूड धावपट्टीवर विमान परत आणलं. १८५ प्रवासी चालत उतरले. केगवर्थमध्ये जे कॉकपिटपर्यंत पोचलं नाही, ते इथं पोचलं. ती ठिणग्यांची बातमी देणारी मुलगी माझ्या लेखी त्या दिवशीच्या कॅप्टनइतकीच महत्त्वाची आहे. तेव्हा तुझ्या विमानातल्या केबिन क्रूशी नावानं बोल, चहा आणून दिला तर मान वर करून बघ. ज्या मुलीशी सकाळपासून कुणी धड बोललं नाही, ती दुपारी इंटरकॉम उचलायला कचरते.

विमान सुरक्षित उंचीवर आलं, इंजिन बंद झालं, चेकलिस्ट सुरू झाली, की मग बहुतेक वेळा हाताशी वेळच वेळ असतो. तो वापर. ४ नोव्हेंबर २०१० ला क्वांटसच्या ए-३८० चं इंजिन सिंगापूरहून निघाल्यावर बाताम बेटावर फुटलं. तेलाच्या एका बारीक नळीला तडा गेला होता. फुटलेल्या टर्बाइनच्या तुकड्यांनी पंख फाडला, वायरी तोडल्या, आणि स्क्रीनवर इशाऱ्यांची रांग लागली. ती संपेचना. कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिनी आणि त्याच्या सोबत्यांनी जवळजवळ पन्नास मिनिटं घिरट्या घालत एकेक इशारा निपटला. यादी डोक्यावरून जायला लागली तेव्हा त्यानं विचार उलटा केला. काय गेलं ते मोजायचं सोडून काय शिल्लक आहे ते बघायला लागला, की उरलेल्यातून एक साधी सेसना तरी उभी राहते ना? (तुझी बारामती इथं कामाला येते बघ.) उतरण्याआधी उंचावरच विमान हळू करून, वळवून बघितलं, की हातात राहतंय ना. ४६९ जण सुखरूप उतरले.

घाई करायची वेळ येतच नाही असं नाही. धूर आत येतोय, आग विझत नाही, किंवा दोन्ही इंजिनं गेली, तर जवळात जवळची जागा. हडसन नदीवर उतरलेल्या सलेनबर्गरना पक्ष्यांचा थवा धडकल्यापासून पाण्यापर्यंत साडेतीन मिनिटंसुद्धा मिळाली नाहीत, आणि त्यांनी चेकलिस्टची वाट न बघता एपीयू, म्हणजे शेपटीतलं छोटं इंजिन, चालू केलं, त्याचा फायदाच झाला. पण ते प्रसंग विरळा. तुझ्या वाट्याला आलंच तर एक इंजिन येईल, आणि एका इंजिनाला घाई लागत नाही.

जेवणखाण, झोप यांचं मी सांगायला नको. सिमचा स्लॉट रात्री दोनचा मिळाला तर दुपारी पडदे ओढून झोप, आईला सांगून ठेव. कॉकपिटचं पोस्टर भिंतीला लाव, पण पाठांतर बसल्या जागी मनात करू नकोस, हात नेऊन, थांबवून, तोंडानं कर. आणि रविवारी इकडं ये. जेवणाच्या टेबलावर दोन चमचे लिव्हर म्हणून ठेवू. मी पन्नाशीतला खडूस कॅप्टन होते आणि मधूनच चुकीच्या चमच्यावर हात ठेवते. तू मला थांबव. "सर" न म्हणता.